उस्तादांचे उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन



डॉ. झाकीर हुसेन हे नाव आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असेल. भारताचे तिसरे राष्ट्रपती, त्या पदावर आलेले पहिले मुसलमान, भारतरत्न. एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात आणि पान उलटले जाते. वास्तविक राष्ट्रपतिपदाची त्यांची कारकीर्द पुरी २ वर्षांचीही नव्हती. त्यात १० दिवस कमीच पडले. याउलट दिल्लीतील जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांनी २२ वर्षे काढली, आणि तीही अशा काळात की संस्थेला सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही, पगाराची शाश्वती नाही. त्या २२ वर्षांत त्यांनी एका प्रश्नाचा ध्यास घेतला होता. तो प्रश्न म्हणजे, शिक्षक कसा तयार करावा?

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे, म्हणून हे चरित्र सांगावेसे वाटते. बारावीचे निकाल लागले की पालक शाळेत सल्ल्याला येतात. मुलाला डॉक्टर करायचे असते, नाहीतर इंजिनिअर. त्यांपैकी काहीच जमत नसेल तर मग डी.एड., बी.एड. करू द्या, निदान चिकटेल कोठेतरी, असा विचार होतो. मुलीच्या बाबतीत तर तो आधीच झालेला असतो. शिक्षकाचा पेशा हा उरलेल्यांचा पेशा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. झाकीर हुसेन यांचीही सुरुवात अशीच झाली, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. त्यांनाही डॉक्टरच व्हायचे होते.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादला झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. त्यांनी चांगले नाव मिळविले होते; पण झाकीर १० वर्षांचे असताना १९०७ मध्ये ते वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. घरात ७ भाऊ, झाकीर तिसरे. त्यांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातले. तेथील मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा या मुलावर कायमचा ठसा उमटला. १९११ मध्ये प्लेगने आईही गेली. आई-वडिलांवाचून वाढणाऱ्या मुलाला चांगला मुख्याध्यापक लाभणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. कायमगंजला हसन शाह नावाचे एक सूफी बुजुर्ग होते. त्यांना पुस्तकांचे वेड. ते या पोराकडून हस्तलिखितांच्या नकला करून घेत. अक्षराचे आणि पुस्तकाचे प्रेम त्यांना तेथेच लागले.

१९१३ मध्ये ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टरीचा विचार मनात धरून विज्ञानाकडे वळले, त्यासाठी लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजातही गेले. तेथे प्रकृतीने दगा दिला. दीर्घ आजारानंतर ते अलीगढला परत आले आणि कला शाखेत शिरले. १९१८ मध्ये बी.ए. झाले. पुढे अर्थशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास करीत असतानाच कॉलेजात शिकवण्याचे कामही त्यांना मिळाले. वाट सरळ होती. एम.ए. व्हायचे, कायद्याची पदवी घ्यायची आणि वडिलांप्रमाणे वकिली करायची, किंवा सरकारी नोकरी धरायची.

१२ ऑक्टोबर १९२० रोजी महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था सोडा, असे त्यांचे आवाहन होते. कॉलेजातील पुष्कळांनी त्याची टर उडविली. झाकीर हुसेन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी मात्र एक वेगळा विचार केला. कॉलेज सोडून रस्त्यावर येण्यात काय अर्थ? सोडायचे तर आपले दुसरे विद्यालय उभे करायला हवे. ते नेत्यांकडे हाच आग्रह घेऊन गेले. त्यातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढलाच, कॉलेजच्या मशिदीत, मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. हकीम अजमल खान कुलपती झाले, मौलाना मोहम्मद अली कुलगुरू. आरंभीचे वर्ग तंबूंत भरत.

येथे थोडे थांबून विचार करा. जामिया ही लोकांच्या पैशावर चालणारी खाजगी राष्ट्रीय विद्यापीठ-संस्था होती. तिची पदवी सरकारदरबारी चालत नव्हती. त्या पदवीवर नोकरी मिळत नव्हती. आपल्यापैकी किती पालक अशा संस्थेत आपला मुलगा घालतील? उत्तर द्यायची घाई करू नका. त्या वेळच्या पालकांनीही ती केली नव्हती. पहिल्या जोशात मुले आली आणि जोश ओसरताच पुष्कळशी निघून गेली.

झाकीर हुसेन १९२२ मध्ये जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९२६ मध्ये परतले. भारतातील शेतीव्यवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परंतु त्या देशात त्यांनी खरे शिक्षण घेतले ते वर्गाबाहेर. म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज केर्शेनश्टायनर यांनी कामातून शिकवणारी शाळा ही कल्पना मांडून ती राबवून दाखविली होती. पुस्तक पाठ करून मनुष्य शहाणा होत नाही. हातात काम घेऊन, ते आधी मनाशी आखून, नेटाने पुरे करून, शेवटी स्वतःच तपासून पाहिले की मग बुद्धीला वळण लागते, हे त्यांचे सूत्र. झाकीर हुसेन यांनी ते आयुष्यभर जपले. या माणसाला हाताच्या कामाची लाज नव्हती. बर्लिनच्या काविआनी छापखान्यात गालिबचा दीवान देखण्या रूपात छापून घेताना त्याचे काही खिळे त्यांनी स्वतः जुळविले होते. अर्थशास्त्राचा डॉक्टर होऊ घातलेला विद्यार्थी खिळे जुळवीत बसला आहे, हे चित्र आमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांसमोर आणावे.

इकडे जामियाची स्थिती हलाखीची झाली होती. १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली, त्यामुळे खिलाफत समितीचा पैसा आटला. संस्था बंद करावी असा विचार बळावू लागला. ती चालवण्यासाठी भीक मागावी लागली तरी मी मागेन, असा दिलासा गांधीजींनी दिला. हकीम साहेबांनी १९२५ मध्ये ती दिल्लीच्या करोलबागेत हलविली. बर्लिनमध्ये हे वर्तमान ऐकून झाकीर हुसेन, मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन या तिघांनी आपले आयुष्य जामियाला द्यायचे ठरविले. परत आल्यावर २९ वर्षांचे झाकीर हुसेन संस्थेचे प्रमुख, म्हणजे शैखुल जामिया झाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि मोठा आधार गेला. तेव्हा १९२८ मध्ये शिक्षकांनीच एक मंडळ स्थापून जामिया आपल्या अंगावर घेतली. २० वर्षे सेवा करीन आणि महिना १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. प्रत्यक्षात १५० सुद्धा हाती पडत नसत. कित्येकदा पगार महिनोन् महिने लांबत. ज्या माणसाला हैदराबादेत किंवा अलीगढला याच्या कितीतरी पट वेतन मिळाले असते, त्याच्या घरी शाहजहाँ बेगम संसार कशा चालवीत असतील, याचा विचार चरित्रकार सहसा करीत नाहीत. आपण तो करावा.

विद्यापीठाचे हे प्रमुख प्राथमिक शाळेत फार रमत. मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. त्यांतली अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट उर्दू शाळांतील मुलांना चांगली ठाऊक आहे. रुकय्या रैहाना या आपल्या मुलीच्या नावाने ते या गोष्टी छापीत. ती लहानगी अकाली गेली. त्या वेळची एक हकीकत सांगतात. शाळेत ते मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने येऊन मुलगी आजारी असल्याचे कानात सांगितले, मग ती अत्यवस्थ असल्याचे, आणि शेवटी ती गेल्याचे. ते मिठाई वाटीतच राहिले. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी तसे केले, असे नंतर लोकांना समजले. आणखी एक गोष्ट सांगतात ती बुटांची. मुले मळके बूट घालून येत. सूचना देऊन उपयोग होईना. तेव्हा शैखुल जामिया एक दिवस ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. पुढे काय झाले असेल हे शिक्षकांना सांगायला नको.

१ मार्च १९३५ रोजी दिल्लीबाहेर ओखला येथे नव्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. ती बसविण्याचा मान कोणा नबाबाला किंवा पुढाऱ्याला न देता शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला दिला. त्याचे नाव अब्दुल अझीझ. या शाळेत मुलांचे दुकान होते, मुलांची बँक होती. हिशेब वहीत तर शिकावयाचाच, पण तो दुकानात चुकला तर गल्ल्यात दिसतो, ही त्यातली मख्खी. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी आणि जर्मनीहून येऊन येथेच राहिलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या बाईंनी त्या शाळेत जीव ओतला. मुले या बाईंना आपाजान म्हणत. त्या १९४३ मध्ये दिल्लीतच वारल्या.

आता मुख्य भागाकडे येऊ. त्याचा संबंध आपल्या महाराष्ट्रातील वर्ध्याशी आहे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नुकतीच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. ७ वर्षांचे सक्तीचे आणि मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेले, आणि मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची योजना होती. सभेतले बहुतेक लोक माना डोलावीत होते. झाकीर हुसेन उभे राहिले आणि त्यांनी अदबीने पण स्पष्टपणे शंका मांडल्या. कामातून शिक्षण ही कल्पना जगात अगदीच नवी नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांची खरी भीती दुसरीच होती. खर्च भागविण्यावर फार भर दिला तर शिक्षक मुलांकडून सूत कातून घेणारा मुकादम होईल, आणि शिक्षण बाजूलाच राहील. गांधीजींच्या तोंडावर असे बोलणे सोपे नव्हते. गांधीजींचे मोठेपण असे की, शंका काढणाऱ्यालाच त्यांनी योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष केले. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन, आर्यनायकम् अशी मंडळी त्या समितीत होती. २ डिसेंबर १९३७ रोजी तिचा अहवाल गांधीजींच्या हाती पडला.

या अहवालातील वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे आणि सुटी १० मिनिटे. पहिल्या नजरेला वाटते की विषय शिकवायला वेळच ठेवलेला नाही. परंतु मेख अशी की, त्या ३ तास २० मिनिटांतच विषय शिकवायचे होते. याला समवाय पद्धती म्हणतात. समजा, मूल टकळीवर सूत कातते आहे. अर्ध्या तासात किती तार निघाले, काल किती होते, सरासरी किती, हे गणित. कापूस काळ्या मातीत का येतो, सरकी कशी रुजते, हे विज्ञान. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला कसा गेला, हा भूगोल. विणकऱ्यांचे माग का बंद पडले, हा इतिहास. आणि केलेल्या कामाची नोंद लिहायची, ही भाषा.

वाचायला हे गोड वाटते. पण करून पाहा! गणिताचा पाठ टाचणात लिहिणारे आम्ही शिक्षक जाणतो की, पेळू तुटत असताना, ३० मुलांचा गलका चालू असताना, योग्य क्षणी सरासरी शिकवणे म्हणजे तारेवरची कसरत होय. त्यासाठी शिक्षकाला विषय आरपार यावा लागतो, उद्योग हाताने यावा लागतो, आणि मूल कोठे अडते ते दिसावे लागते. तिन्हींपैकी एक नसले तर नुसते सूत निघते किंवा नुसती बडबड होते. समितीने हे ओळखले होते. म्हणून अहवालात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला वेगळे स्थान मिळाले. पुरा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, आणि निकड भागविण्यासाठी तूर्त १ वर्षाचा. त्यात शेतातल्या कापसापासून कापडापर्यंतचे काम स्वतः शिकणे होते, शिक्षणाची तत्त्वे होती, आरोग्य होते, आणि नमुना शाळेत देखरेखीखाली शिकवण्याचा सराव होता. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे बी.एड. हा अभ्यासक्रम कैक वर्षे १ वर्षाचाच होता, आणि तो २ वर्षांचा झाला २०१५ पासून. अध्यापन पद्धती म्हणून आपण जे विषय निवडतो, मराठी, इतिहास, विज्ञान वगैरे, त्यांच्या मागे हाच विचार आहे की, विषय येणे निराळे आणि तो विषय शिकवता येणे निराळे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आले. त्याच १९३८ सालात जामियात शिक्षक प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिचे साधेसुधे नाव होते उस्तादों का मदरसा. नावावर जाऊ नका. दिल्लीत मोठमोठी कॉलेजे होती, पण बुनियादी शाळेसाठी शिक्षक घडविण्याचे काम या मदरशाने अंगावर घेतले. शेजारीच जामियाची स्वतःची शाळा असल्यामुळे प्रशिक्षणार्थींना सरावासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागत नव्हते. पालकहो, आज आपल्या मुलाचे नाव खाजगी संस्थेत बी.एड.ला घालताना आपण फी विचारता, वसतिगृह विचारता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का, हे विचारावेच. त्याबरोबर एवढेही विचारा की, सराव पाठ कोणत्या शाळेत होतात आणि मागच्या बाकावर बसून ते बघतो कोण.

पुढे ऑक्टोबर १९३९ मध्ये बुनियादी शिक्षणाची पहिली परिषद पुण्याला आणि एप्रिल १९४१ मध्ये दुसरी जामियानगरला झाली.

या योजनेमुळे झाकीर हुसेन यांना आपल्याच लोकांकडून बोल ऐकावे लागले. मुस्लिम लीगने वर्धा योजनेला कडाडून विरोध केला. धार्मिक शिक्षणाला तीत जागा नाही, उर्दूवर गदा येईल, अशा तक्रारी होत्या. मध्य प्रांत-वऱ्हाडात निघालेल्या शाळांना विद्यामंदिर हे नाव दिल्यामुळे तर संशय अधिकच वाढला. तक्रारींतला काही भाग खरा होता, असे माझे मत आहे. नाव देताना समोरच्या माणसाचे मन विचारात घ्यायला हवे होते. पण त्यापायी योजनेतला शिक्षणविचारही पुष्कळांनी न वाचताच फेकून दिला. झाकीर हुसेन यांना दोन्ही बाजूंच्या लोकांना समजावीत फिरावे लागले.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देश पेटलेला होता. अशा वेळी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना त्यांनी एका व्यासपीठावर बसविले आणि ही आग विझवा म्हणून सर्वांना कळवळून विनविले. आग विझली नाही. १९४७ मध्ये जालंदर स्टेशनवर ते स्वतः जमावाच्या तावडीत सापडले, आणि एका शीख व एका हिंदू गृहस्थाने वाचविले म्हणून जगले. करोलबागेतली जामियाची पुस्तके आणि छापखाना दंगलीत नष्ट झाला.

१९४८ मध्ये ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २८ वर्षांपूर्वी ज्या संस्थेवर बहिष्कार टाकून बाहेर पडले, तीच सावरण्यासाठी त्यांना परत बोलावले गेले. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. हे सारे आपल्या पुस्तकांत आहे, म्हणून विस्तार करीत नाही. गुलाबांचा आणि दगड-खनिजांचा त्यांना छंद होता, एवढे जोडतो.

बुनियादी शिक्षणाचे पुढे काय झाले, हे मात्र लपवून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर गावोगाव शाळांवर बुनियादी असे पाटे लागले. टकळ्या वाटल्या गेल्या. शिक्षक होते तेच राहिले. त्यांना ना उद्योग येत होता, ना समवाय. तासभर सूत कातायचे आणि मग पूर्वीसारखेच पुस्तक वाचायचे, असे चालले. १९५८ च्या पटेल स्मृती व्याख्यानांत योजनेच्या या जनकानेच तिच्या नावाखाली चाललेल्या कारभारावर कडक टीका केली. योजना फसली असे आपण सरसकट म्हणतो. माझ्या समजुतीप्रमाणे तिला शिक्षकच पुरविले गेले नाहीत. ३ वर्षांचा अभ्यासक्रम कागदावर राहिला आणि झटपट शिबिरांवर वेळ मारून नेण्यात आली.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच डॉ. झाकीर हुसेन यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे दफन जामियाच्या आवारात झाले. पुढे शाहजहाँ बेगमही त्यांच्या शेजारी विसावल्या. ज्या संस्थेची पदवी एके काळी कोणी विचारीत नव्हते, तिला १९६२ मध्ये विद्यापीठसमान दर्जा आणि १९८८ मध्ये संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ग्रंथालयाला आता त्यांचे नाव आहे. आणि उस्तादों का मदरसा वाढत वाढत तेथील शिक्षणशास्त्र शाखा झाला असून देशाच्या निरनिराळ्या भागांतील मुले-मुली प्रवेश परीक्षा देऊन तेथे बी.एड.ला जातात.